एका अक्षराचा आजार : सिकलसेल आणि आपल्या शरीरातली नोंदवही

विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये 'सिकलसेल' हा शब्द कोणाला नवा नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हा आजार बौद्ध आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. सांधे ठणकतात म्हणून रात्रभर रडणारे मूल, पिवळे पडलेले डोळे, रक्त चढवण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या चकरा हे सगळे अनेकांनी जवळून पाहिलेले असते.

शब्द ओळखीचा असला, तरी हा आजार येतो कसा, हे पुष्कळ घरांत नीट ठाऊक नसते. त्यामुळे कोणी बाहेरची बाधा म्हणते, कोणी मागच्या जन्माचे भोग म्हणते. आणि बहुतेक वेळा शेवटी बोट सुनेकडे जाते. "आमच्या घराण्यात असं काही नव्हतं, हिच्या माहेराहून आलं," हे वाक्य शिकलेल्या घरांतूनही ऐकू येते. हे वाक्य खोटे आहे. ते का खोटे आहे, हे कळण्यासाठी आपल्या शरीरात माहिती कुठे लिहिलेली असते, तिची नक्कल कशी निघते आणि ती आईवडिलांकडून मुलांकडे कशी जाते, एवढे समजून घेतले तरी पुरे.

चार अक्षरांची नोंदवही

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींच्या मध्यभागी एक केंद्रक असते आणि त्यात ४६ गुणसूत्रे असतात. त्यांच्या २३ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आलेले असते, दुसरे वडिलांकडून. गुणसूत्र म्हणजे गुंडाळून ठेवलेला एक लांबलचक धागा. त्या धाग्याचे नाव डीएनए. एका पेशीतला सगळा डीएनए उलगडून सरळ केला, तर तो सुमारे दोन मीटर भरेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत एवढा धागा मावलेला असतो.

या धाग्यावर माहिती लिहिलेली असते. आपल्या मराठीला पन्नासच्या आसपास वर्ण लागतात, डीएनएला फक्त चार अक्षरे पुरतात : ए, टी, जी आणि सी. एडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार रसायनांची ती आद्याक्षरे आहेत. आईकडून आलेल्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात, वडिलांकडून आलेल्या संचातही तितकीच. जगातल्या कोणत्याही दोन माणसांची अक्षरे पडताळली, तर हजारातली सुमारे ९९९ सारखीच निघतात.

डीएनएला दोन पदर असतात आणि ते पिळाच्या जिन्यासारखे एकमेकांभोवती वळलेले असतात. ही रचना जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये केंब्रिजमध्ये मांडली. त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन या संशोधिकेच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी टिपलेल्या छायाचित्राचा मोठा आधार होता. १९६२ मध्ये या शोधाला नोबेल पुरस्कार मिळाला, पण फ्रँकलिन १९५८ मध्येच वारल्या होत्या. त्यांचे नाव पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांत मागेच राहिले.

या रचनेची खुबी जोडीच्या नियमात आहे. एका पदरावर ए असेल, तर समोर टीच असतो. जी असेल, तर समोर सीच असतो. म्हणून दोन पदर चेन उघडावी तसे वेगळे झाले, की प्रत्येक पदराकडे पाहून समोरचा पदर पुन्हा जसाच्या तसा बनवता येतो. एका पेशीच्या दोन पेशी होताना हेच घडते आणि दोघींना पूर्ण नोंदवही मिळते.

दप्तर आणि उतारा

नोंदवही असून भागत नाही, तिच्यावरून काम व्हावे लागते. शरीरातली बहुतेक कामे प्रथिने करतात. अन्न पचवणे, स्नायू हलवणे, जंतूंशी लढणे, रक्तातून प्राणवायू वाहून नेणे ही सगळी त्यांची कामे. डीएनएवरच्या ज्या मजकुरात एखादे प्रथिन कसे बनवायचे ते लिहिलेले असते, त्या मजकुराला जनुक म्हणतात. माणसात प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत.

तलाठ्याकडची मूळ नोंदवही कोणी घरी नेत नाही. ती दप्तरातच राहते आणि आपल्या हाती सातबाराचा उतारा येतो. पेशीतही तसेच आहे. डीएनए केंद्रकाच्या बाहेर जात नाही. हव्या त्या जनुकाचा उतारा निघतो, त्याला आरएनए म्हणतात. तो उतारा केंद्रकाबाहेर येतो आणि रायबोसोम नावाच्या यंत्रणेकडे जातो. रायबोसोम तो तीन-तीन अक्षरांनी वाचतो. तीन अक्षरांचा प्रत्येक शब्द म्हणजे एका अमिनो आम्लाचे नाव. त्या क्रमाने अमिनो आम्ले माळेत मणी ओवावेत तशी ओवली जातात आणि प्रथिन तयार होते. चार अक्षरांतून तीन अक्षरी शब्द होतात ६४, आणि ओवायची अमिनो आम्ले आहेत २०. काही शब्द मजकूर संपल्याची खूणही देतात.

हा शब्दकोश उलगडण्यात हरगोविंद खुराना यांचा वाटा मोठा होता. आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या रायपूर नावाच्या लहानशा खेड्यात ते जन्मले. वडील पटवारी होते. गावात त्यांचेच घर काय ते शिकलेले. या कामासाठी खुराना यांना १९६८ मध्ये दोन शास्त्रज्ञांसोबत नोबेल पुरस्कार मिळाला.

'नगर'चे 'नजर' झाले

आता सिकलसेलकडे येऊ. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोचवणे हे त्याचे काम. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा असतो : दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात आणि तिचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे.

या साखळीच्या सहाव्या जागेसाठी जनुकात 'जीएजी' असा शब्द असतो. सिकलसेलच्या जनुकात तो 'जीटीजी' असा असतो. म्हणजे फक्त मधले एक अक्षर बदललेले असते, ए च्या जागी टी. मराठीत 'नगर' शब्दातले मधले अक्षर बदलले की 'नजर' होते. बाकी वाक्य तेच राहते, पण अर्थ पार दुसरीकडे जातो. इथेही तसेच होते. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल यायचे, तिथे व्हॅलिन येते.

व्हॅलिनला पाण्याचे वावडे आहे. प्राणवायू सोडून दिल्यानंतर हे हिमोग्लोबिन शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटू लागते. रेणूला रेणू लागून पेशीच्या आत ताठ दोऱ्या तयार होतात आणि एरवी गोल, मऊ असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरून आजाराचे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात, तिथे प्राणवायू पोचत नाही आणि असह्य दुखते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी होते, डोळे पिवळे होतात. प्लीहा, म्हणजे पाणथरी, निकामी होत जाते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो.

ही उकल व्हायला पाऊणशे वर्षांपूर्वीपर्यंत वाट पाहावी लागली. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा वाकड्या पेशी असल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी एकच अमिनो आम्ल बदललेले असल्याचे शोधून काढले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेलची पहिली नोंद झाली. मध्य भारतातली नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली.

पहिले सहा महिने मूल धडधाकट कसे?

"जन्मलं तेव्हा गुटगुटीत होतं, मग कुणाची तरी दृष्ट लागली," असे आया सांगतात. त्या खोटे बोलत नसतात. मूल खरोखरच चांगले असते. त्याचे कारणही नोंदवहीतच आहे.

गर्भात असताना बाळ बीटा साखळी फारशी वापरत नाही. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये गॅमा नावाची वेगळी साखळी असते आणि तिचे जनुकही वेगळे असते. त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर गॅमाचे जनुक हळूहळू मिटत जाते आणि बीटाचे उघडते. साधारण सहा महिन्यांनी दोष असलेले हिमोग्लोबिन वाढते आणि पहिली लक्षणे दिसू लागतात. पुष्कळदा सुरुवात हातापायांचे पंजे सुजून होते. दृष्ट काढण्यात दिवस घालवू नका, रक्त तपासून घ्या.

दोघांकडून एक-एक प्रत

बीटा साखळीच्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. चांगल्या प्रतीला ए म्हणतात, बदललेल्या प्रतीला एस. (इथला ए म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार. डीएनएच्या अक्षरातला ए वेगळा.)

दोन्ही प्रती ए असतील, तर व्यक्ती एए, म्हणजे सिकलसेलमुक्त. एक ए आणि एक एस असेल, तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही एस असतील, तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहकाच्या शरीरात चांगले हिमोग्लोबिन पुरेसे बनते. तो शेतात राबतो, नोकरी करतो, खेळतो आणि बहुतेक वेळा आयुष्यभर त्याला काहीही जाणवत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक पुढे जाऊन रुग्णही होत नाही. जन्माच्या वेळी ज्या दोन प्रती मिळाल्या, त्याच शेवटपर्यंत राहतात. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका घरात राहिल्याने होत नाही.

मूल होताना प्रत्येक पालक आपल्या दोन प्रतींपैकी एकच देतो. कोणती जाईल, हे नाणेफेकीसारखे आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. 'चारातले एक' याचा अर्थ पहिले मूल रुग्ण झाले, म्हणजे पुढची तीन सुटली, असा नाही. दर वेळी नाणे नव्याने उडते. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर एकही मूल रुग्ण होत नाही. निम्मी मुले वाहक होण्याची शक्यता तेवढी राहते.

आता त्या वाक्याकडे पुन्हा पाहा. मूल एसएस असेल, तर एक एस आईकडून आला आणि दुसरा वडिलांकडूनच आला. एकट्या आईकडून दोन्ही येऊच शकत नाहीत. म्हणजे 'आमच्या घराण्यात नव्हते' हे म्हणणारे घराणेही तो एस पिढ्यान्पिढ्या वाहत आलेले आहे. तो कोणाला दिसला नाही, कारण वाहकाला त्रास होत नाही. सुनेला दोष देणाऱ्या प्रत्येक घराने आधी मुलाचे रक्त तपासावे.

आपल्याच समाजात का?

दोष असलेले अक्षर इतक्या पिढ्या टिकले कसे? याचे उत्तर हिवतापात आहे. ज्यांच्याकडे एकच एस असतो, त्या वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच प्रमाणात संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यात आणि हिवताप माजलेल्या भागात वाहक मुले जास्त जगली आणि एस पुढे जात राहिला. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि मध्य भारत, सगळीकडे हीच कथा आहे. यात कोणाचे रक्त हलके किंवा अशुद्ध असण्याचा काही संबंध नाही.

पण एस काही समाजांतच दाटून का राहिला, याला आणखी एक कारण आहे : जातीतच लग्न. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. स्वजातीतच विवाह करण्याचे बंधन हेच जातीचे मूळ लक्षण आहे, असे त्यांनी त्यात मांडले. तेव्हा डीएनएची रचना कळायला अजून ३७ वर्षे होती. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक पिढ्यांपर्यंत मागे जाणाऱ्या या बंधनाच्या खुणा भारतीयांच्या डीएनएत दिसतात, आणि त्यामुळे अशा दोन प्रतींनी होणारे आजार इथे अधिक आढळतील, असे त्यांनी नोंदवले. पोटजात पाहून लग्न जुळवले, की वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न केले, तर ती आणखी वाढते, कारण दोघांचे आजी-आजोबा एकच आणि त्यांचा एस दोन्हीकडे उतरलेला असू शकतो.

मागच्या जन्माच्या भोगांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या कल्पनेची चर्चा करताना आनुवंशिकतेच्या शास्त्राचाच दाखला दिला आहे. मूल आपले गुणधर्म आईवडिलांकडून घेते, हे विज्ञान सांगते, आणि पूर्वकर्माचा सिद्धान्त त्याच्याशी जुळत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. दुखण्याने तळमळणाऱ्या लेकराला 'तुझ्या कर्माची फळे' असे ऐकवणाऱ्यांना हे सांगायला हवे.

तपासणी कशी होते?

पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ती काही मिनिटांत होते आणि खर्चही थोडा येतो. पण ती फक्त एस आहे की नाही, एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांत तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून ती पॉझिटिव्ह आली, की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावी लागते. नक्की एए, एएस की एसएस, हे त्यातून कळते. थॅलेसेमियाचा वाहकही एचपीएलसीत सापडतो. हे महत्त्वाचे आहे, कारण एक पालक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी मूल आजारी होऊ शकते.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केले. प्रभावित भागांतल्या ० ते ४० वर्षे वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. शिबिर गावात येईल तेव्हा घरातल्या पुरुषांनीही रांगेत उभे राहावे.

लग्न ठरवताना पत्रिका जुळवणे आपण सोडले आहे. त्या जागी रक्ताचा अहवाल पाहावा. मात्र वाहक मुलीचे स्थळ नाकारण्यासाठी या अहवालाचा वापर होऊ नये. वाहकाने एए जोडीदाराशी लग्न केले, तर काळजीचे कारणच नाही. दोघेही वाहक निघाले आणि लग्न झालेले असेल, तरी वाट बंद होत नाही. गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाच्या जनुकाची तपासणी मोठ्या शहरांतल्या नोंदणीकृत केंद्रांत करता येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, आणि त्यातही त्या बाईचा.

उपचार

एसएस मुलाला पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकलसह सगळ्या लसी वेळेवर मिळाल्या, तर जीवघेणे संसर्ग टळतात. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी नेहमी चालते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भातले ते चांगले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. त्याने दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासत घ्यायचे असते. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता लागतो आणि खर्च मोठा येतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकाची कात्री वापरणाऱ्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून गर्भातल्या हिमोग्लोबिनला दाबून ठेवणारी कळ त्यात तोडली जाते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. ज्या आजाराचे रुग्ण बहुतेक गरीब आहेत, त्याचा उपचार त्यांच्या हाती यायला अजून मोठी लढाई बाकी आहे.

घरोघरी लक्षात ठेवा

• रुग्णाला भरपूर पाणी द्या. कडाक्याची थंडी, भर उन्हातले श्रम आणि उपास टाळा.

• ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, छातीत दुखले, दम लागला, पोट डाव्या बाजूला अचानक फुगले, मूल एकदम पांढरे पडले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

• घरात एक रुग्ण किंवा वाहक निघाला, की सख्ख्या भावंडांची आणि लग्नाच्या वयातल्या चुलत, आते, मामे भावंडांची तपासणी करून घ्या.

• अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णाचे प्रमाणपत्र काढण्यासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

• तपासणीचा अहवाल शाळेच्या दाखल्याइतका जपून ठेवा. मुलांच्या लग्नाची बोलणी सुरू होतील, तेव्हा तो आधी बाहेर काढा.